रताळ्याच्या पक्षाच्या मेट्रनबाई

माझ्या सासूबाई माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत, पायाकडे पाहत. नवा माणूस दारात आला, मग तो चर्चचा पाळकसाहेब असो, मलम विकणारा असो की मतं मागायला आलेला पुढारी असो, त्या काळी छत्री घेऊन उठत, त्याच्याभोवती एक संथ फेरी मारत आणि छत्रीचं टोक त्याच्या पायांजवळच्या मातीत दोन-चार ठिकाणी टोचून बघत. पाहुण्याला वाटे, म्हातारी विंचू शोधते आहे. बिचारा एकेक पाय वर घेई. सासूबाई विंचू शोधत नसत. रताळी शोधत असत.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. रताळ्याचा वेल वरून कसाही दिसो, मरतुकडा, धुळीनं माखलेला, शेळीनं अर्धा खाल्लेला. खाली रताळं पोसलं की वरची माती तडकते. तडा दिसला की खुशाल कुदळ घालावी. माणसाचंही तेच, असं त्यांचं म्हणणं. "तोंड काय, कुनाचंबी हालतंय. बुडाशी तडा हाय का बघावं." आणि ज्याच्या बुडाशी तडा नाही, पण वर मात्र लालेलाल थाट आहे, तो गुलमोहर. साऱ्या मनुष्यजातीचे त्यांनी असे दोन ढीग केले होते. तिसरा ढीग नव्हता. रताळ्याच्या ढिगात त्या स्वतः, त्यांचे थोरले जावई आणि बहुधा प्रेषित पौल, एवढीच मंडळी होती. बाकी अख्खा नेवासा तालुका गुलमोहराच्या ढिगात.

नगरच्या एका मुलींच्या बोर्डिंगात त्या जन्मभर मेट्रन होत्या, म्हणून गाव त्यांना मेट्रनबाई म्हणे. मी मामी म्हणत असे. त्यांच्या दोन भाषा होत्या. घरी, शेतात, बाजारात त्या आमच्यासारखंच हाय-न्हाई करत. पण राग टोकाला गेला की तोंडातून बोर्डिंगची मराठी बाहेर पडे, कडक इस्त्री केलेली. "आपण जेवलात का?" असं त्यांनी विचारलं की समजायचं, आज आपलं काही खरं नाही. त्या शुद्ध मराठीत रागावल्या की नगरच्या किल्ल्याच्या खंदकातली बेडकंसुद्धा रांगेत उभी राहत, असं मी ऐकलं आहे. ऐकलं आहे म्हणजे, मीच कुणाला तरी सांगितलं होतं, ते फिरून माझ्या कानावर आलं.

माझा धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. घोडेगावचा जनावरांचा बाजार, पंचक्रोशीतली लग्नं, कुस्त्यांचे फड, जिथे म्हणून माईक आहे तिथे त्याच्यामागे मी आहे. अशा माणसानं मेट्रनबाईंच्या धाकट्या मुलीला, नलिनीला, बघायला जाणं म्हणजे बोकडानं खाटकाकडे पाहुणचाराला जाणं; पण मी गेलो. त्या दिवशी मी अगदी थोडं बोललो. तासभरच. माझा भोंगा घोडेगावात लावला की पैठणच्या म्हशी माना वळवतात, हे मी सहज सांगितलं. सासूबाई उठल्या. छत्री घेतली. फेरी मारली. माझ्या चपलांच्या चारी बाजूंनी टोचून झाल्यावर पाहुण्यांच्या देखत निकाल दिला:

"माती लई घट्ट हाय. कुटं केसायेवढाबी तडा न्हाई. ह्यो गुलमोहर."

मला वाटलं, कौतुक केलं. मी नम्रपणे हसलो. तेव्हा त्यांनी मला गुलमोहर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. "फुलं ढीगभर, खायला एक न्हाई. मुळं सगळी वरवर, वारं सुटलं की आडवा. लाकडाचं सरपन करावं तर धूरच जास्ती. शेंगा पार तलवारीवानी, पर त्या तलवारीनं आजपत्तुर कोन मेलंय का? आन् रताळ्याचा येल बघा. जिमिनीला चिकटून ऱ्हातो, कुनाच्या डोळ्यात येत न्हाई. दुष्काळात कुनी जगवलं? गुलमोहरानं? गुलमोहर उकडून कुनी खाल्लाय का?"

आतल्या खोलीच्या पडद्यामागून नलिनीचा आवाज आला. "आई, मला काय ह्यांना उकडून खायचंय का?"

माझं लग्न त्या एका वाक्यावर झालं.

लग्नात सासूबाईंनी आहेर दिला तो ओल्या गोणपाटात गुंडाळलेला रताळ्याच्या वेलांचा भारा. लावायला. "तुमच्या घरात निदान एक तरी कामाचं असू द्या, जावईबापू." मीही काही कमी नव्हतो. दुसऱ्याच आठवड्यात मी दारासमोर गुलमोहराचं रोप लावलं, त्याला काट्यांचं कुंपण केलं आणि सासूबाईंना मुद्दाम जेवायला बोलावलं. त्यांनी रोपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "भावकी वाढीवताय व्हय?"

त्या दिवसापासून माझ्या आयुष्याला एकच ध्येय राहिलं. लोकांना बंगला बांधायचा असतो, मुलाला डॉक्टर करायचं असतं. मला एवढंच हवं होतं की या बाईनं एकदा, फक्त एकदा, माझ्या पायाशी छत्री टोचून म्हणावं, "व्हय, हितं कायतरी हाय."

ते भाग्य माझ्या साडूंना जन्मतःच मिळालं होतं. थोरली विमल शेवगावला दिली होती, शांतवनरावांना. ते शुगर फॅक्टरीत कारकून. उंच, सावळे, आणि बोलण्याच्या बाबतीत इतके काटकसरी की लग्नात 'होय' म्हणायची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांना प्रश्न तीनदा विचारावा लागला, आणि तिसऱ्या वेळीही त्यांनी फक्त "हं" केलं, असं सांगतात. ते 'हं' देवाच्या दरबारी चालतं की नाही यावर मंडळीत बराच खल झाला. सासूबाईंनी मात्र पहिल्या भेटीतच छत्री टोचून डोळे मिटले होते. "येल हाय! ह्याच्या बुडाशी किती आसंल त्याची गनतीच न्हाई. बोलत न्हाई म्हंजी खाली पोसतंय." तसे शांतवनराव दर वर्षी रताळी काढायच्या दिवसांत शेवगावहून यायचे, सासूबाईंच्या मागे मागे वरंब्यावर उकिडवे बसून दिवसभर रताळी काढायचे, संध्याकाळी हातपाय धुऊन परत जायचे. एक अक्षर नाही. मी त्याच दिवसांत यायचो, बांधावर बसून साऱ्यांना हसवायचो, आणि माझ्या ताटात भाकरी जरा लांबून पडायची.

निवृत्त झाल्यावर सासूबाईंनी घोडेगावच्या अलीकडे आपल्या अर्ध्या एकरात रताळीच लावली. गंमत अशी की आमचं घराणं ख्रिस्ती, आणि माल खपायचा एकादशीला आणि महाशिवरात्रीला. "उपास त्यांचा, पोट माझं भरतंय," असं त्या उघड म्हणत, आणि शेजारच्या वारकरी म्हाताऱ्याला एक टोपली फुकट देऊन वर सांगत, "माज्या वाट्याचा बी उपास तुमीच करा."

एकदा मी त्यांच्या मालाची जाहिरात करायची ठरवली. बाजाराचा दिवस, तुडुंब गर्दी. माईक घेतला आणि सुरू झालो: "या, या, मेट्रनबाईंची रताळी! साखर फॅक्टरी बंद पडेल अशी गोड! एका वेलाला वीस, एका वेलाला वीस!" एवढ्यात गर्दी दुभंगली. छत्री पुढे, मागे सासूबाई. त्यांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला.

"धा," त्या म्हणाल्या. भोंग्यातून सगळ्या बाजारभर. "ह्यो माजा जावई हाय, खोटं बोलतोय. एका येलाला धा. मोजून धा."

"अहो मामी, जाहिरात असते ती!"

"जाहिरात रताळ्याला लागत न्हाई. गुलमोहराला लागती."

या भांडणाला एवढी गर्दी जमली की तासाभरात पोती रिकामी झाली. सासूबाई म्हणाल्या, खऱ्या बोलण्यानं खपली. मी म्हणालो, भांडणानं खपली. म्हैस घ्यायला आलेला एक गडी म्हैस न घेताच दोन किलो रताळी घेऊन घरी गेला. त्याच्या बायकोनं त्याचं काय केलं ते मला माहीत आहे, पण इथे सांगण्यासारखं नाही.

माणसांवर भागलं नाही तेव्हा सासूबाईंनी जगातल्या वस्तूही दोन ढिगांत टाकायला घेतल्या. काचेच्या दरवाजाचा नवा दवाखाना गुलमोहर. जुनी नर्सबाई, जी सुई टोचताना शिव्या देते, ती वेल. निळ्या दिव्यांची खासगी बस गुलमोहर, रडतखडत येणारी लाल एसटी वेल, "येती तर खरी." मुलींनी त्यांना मोबाईल घेऊन दिला. रोज सकाळी त्यावर फुलांची चित्रं यायची, शुभ सकाळ, शुभ दिन, शुभ विचार. सासूबाई मोबाईल हातभर लांब धरून म्हणायच्या, "ह्यात तर गुलमोहराचं रानच हाय." नव्या पाळकसाहेबांनी पहिलंच प्रवचन फार रंगवलं, हात वर, डोळ्यांत पाणी, आवाज चढउताराचा. बाहेर पडताना सासूबाईंनी त्यांना सलाम केला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "पाळकसाहेब, आपण बोललात फार सुंदर. काय बोललात?"

आणि एके दिवशी परमेश्वरानं मला संधी दिली. त्यांच्या शेतात, अगदी बांधाजवळ, रताळ्याच्या वेलाला फूल आलं होतं! जांभळट, नाजूक, कर्ण्याच्या आकाराचं. अगदी माझ्या भोंग्याचं पोर शोभेल असं. मी तिथूनच ओरडलो. अर्ध्या गावाला गोळा केलं. "बघा मामी! तुमचा वेलसुद्धा फुलतो! संधी मिळाली की तोही गुलमोहर होतो!" सासूबाई आल्या, वाकल्या, फुलाकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, तीस वर्षांचं शास्त्र आता कोसळणार. त्यांनी फूल खुडलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि म्हणाल्या, "वय झालं की कुनीबी येड्यावानी करतंय. बोभाटा कशापायी करायचा?"

मग मात्र मी हट्टाला पेटलो. म्हटलं, यांच्याच मैदानात यांना हरवायचं. आहेरातल्या वेलाचा एक तुकडा परसात कसाबसा जगला होता, त्याचंच बेणं वाढवून मी माझ्या वावरात रताळी लावली. आणि लावली ती अशी की तशी कुणी लावली नसतील. शेणखत घातलं. युरिया घातला. परत युरिया घातला. शेजाऱ्याला वाटलं, मी युरियाची वखारच तिथे हलवतो आहे. पाणी तर असं दिलं की विहिरीनं माझ्याशी बोलणं टाकलं. सासूबाई मध्ये एकदा येऊन बघून गेल्या. "येल अधनंमधनं उचलून परतवताय का? न्हाईतर पेरापेराला मुळ्या फुटून खालचं पोसत न्हाई." मी म्हणालो, "मामी, आता मला शिकवू नका." त्या म्हणाल्या, "न्हाई बाबा. तुमी आमाला शिकवा."

आणि वेल काय माजला! हिरवागार, तळहाताएवढी पानं, बांध ओलांडून रस्त्यावर आला. एक दिवस मी मोटारसायकल लावून चहा प्यायला गेलो, परत आलो तर मोटारसायकल दिसेना. वेलाखालून किल्ली लावून काढली. तुम्ही विश्वास ठेवू नका. नलिनीनंही ठेवला नाही, आणि ती मागच्या सीटवर बसली होती.

आमच्या चर्चमध्ये पीक हाती आलं की हंगामाचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकलं असेल ते प्रत्येकानं आणून वेदीपुढे ठेवायचं, कांदे, बाजरी, भोपळा, एखादी ओरडणारी कोंबडी. आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव करायचा. लिलाव पुकारायला अर्थात मी. त्या वर्षी मी आठवडाभर आधीच माईकवर जाहीर केलं की यंदा माझी रताळी बैलगाडीतून येतील, चर्चचं दार रुंद करून ठेवा. सणाच्या आदल्या दिवशी रताळी काढायचा मुहूर्त. पाळकसाहेबांना बोलावलं, मंडळीला बोलावलं. शांतवनराव आले, हातात त्यांची ती नेहमीची कुदळ. सासूबाई बांधावर छत्री टेकून उभ्या राहिल्या. पाळकसाहेबांनी छोटीशी प्रार्थना केली. वेल उचलून बाजूला टाकला तर त्याचाच डोंगर झाला. मग पहिली कुदळ मी घातली.

खाली मुळ्या. पेन्सिलीएवढ्या.

दुसरा वरंबा. मुळ्या. तिसरा. एक तर अशी बारीक की पाळकसाहेब हळूच म्हणाले, "हे गांडूळ आहे." मी घामाघूम होऊन सगळं वावर उकरलं. मंडळी आधी गप्प होती, मग खोकायला लागली, मग कुणाला हसू आवरेना. शांतवनराव माझ्या शेजारी उकिडवे बसून उगाच माती चाळत होते, जणू एखादं नजरचुकीनं राहिलं असेल. शेवटी सासूबाई बांधावरून खाली उतरल्या. माझ्यासमोर आल्या. आणि बोर्डिंगच्या मराठीत, एकेक शब्द घडी घालून ठेवावा तसा, म्हणाल्या:

"अभिनंदन, जावईबापू. आपण रताळ्याचाही गुलमोहर करून दाखवलात."

त्या वर्षी हंगामाचा सण गावातल्या शेळ्यांनी साजरा केला. बैलगाडी गेली, पण पाल्याची. आणि वेदीपुढे सासूबाईंची टोपली होती, जाड, तांबूस, मातीचा वास येणारी रताळी. तिचा लिलाव मलाच पुकारावा लागला. मी पुकारला. "एका वेलाला..." म्हणालो, आणि समोर छत्री हलली. "...दहा," म्हणालो.

वर्षं गेली. माझा गुलमोहर छपराच्या वर गेला. सासूबाईंचं शास्त्र तसंच राहिलं, फक्त पाठ वाकल्यामुळे छत्री टोचायला त्यांना सोपं जाऊ लागलं. मग एका हिवाळ्यात त्या ओल्या फरशीवर घसरल्या, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. कुठे राहायचं हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "शांतवनकडं." माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आजारी मानसाला फुलं काय करायचीत?"

गेल्या. आम्ही भेटायला जात होतो. बडदास्त उत्तम होती, खोटं कशाला बोलू. शांतवनराव आता निवृत्त, गोळ्या घड्याळाच्या ठोक्याला द्यायचे. पंखा, गरम पाणी, पेज, सगळं जागच्या जागी. विमल दिवसभर शाळेत शिकवायला. घरात पंख्याचा आवाज आणि घड्याळाचा आवाज, बस्स. सासूबाई खाटेवर बसून शांतवनरावांच्या पायाकडे बघत असायच्या.

एप्रिल सरता सरता फोन आला.

"जावईबापू, गाडी काडा."

"काय झालं मामी? शांतवनराव बरे आहेत ना?"

"त्याला काय हुतंय? त्याला कायच हुत न्हाई, हेच तर सांगतीया. आल्यापास्नं रोज टोचून बघितलं. तडा न्हाई, काय न्हाई. सोन्यावानी मानूस, गोळी देतो, पानी देतो. पर एक शबूद न्हाई. मी म्हनते, आज लई उकडतंय. हं. मी म्हनते, मी मरते आता. हं. आरं, पराथना मीच म्हनते, आन् आमेनबी मीच म्हनते!"

मी गाडी काढली. सोबत टेम्पोही काढला, कारण खाट, गादी, वॉकर, बायबल, आणि त्या टेकून चालायला म्हणून वॉकरऐवजी जी वापरत ती छत्री, एवढं सगळं आणायचं होतं. शांतवनरावांनी सामान स्वतः चढवलं, गोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली, काही सांगावं असं दोनदा वाटलं असावं. मग "हं" म्हणाले.

मे महिना. आमच्या घरावर स्लॅब, आत भट्टी. सासूबाईंची खाट कुठे टाकायची? सावली एकच होती. मी काही बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच काही बोललो नाही. खाट गुलमोहराखाली टाकली.

झाड असं पेटलं होतं की रस्त्यानं जाणारे फटफटीवाले वेग कमी करत. सगळं शिवार करपलेलं, बाभळीसुद्धा हिरमुसलेल्या, आणि हा एकटा डोक्यावर लाल छत्री घेऊन उभा. सासूबाईंनी वर पाहिलं. पाकळ्या त्यांच्या पांढऱ्या पातळावर पडत होत्या. त्या एकेक वेचून खाली टाकत होत्या. दुसऱ्या दिवशी वेचायचं थांबवलं.

मी दिवसभर त्यांच्याशेजारी बसून बडबड करायचो. गुलमोहराखाली सावली आहे म्हटल्यावर बाजाराला जाणारे थांबायचे, पाणी प्यायचे, माझ्या गोष्टी ऐकायचे, आणि सासूबाई खाटेवरून माझी प्रत्येक गोष्ट निम्म्यावर आणायच्या. "म्हैस सा लिटर देती म्हनतोय, तीन समजा." लोक हसायचे. त्यांना रंग चढायला लागला. विमल आली तेव्हा म्हणाली, "आईची तब्येत सुधारली." सासूबाई म्हणाल्या, "सुदारली कशाची? ह्याचं खोटं खोडून काडायला जीव ऱ्हायलाच पायजे की."

एका दुपारी मी गुलमोहराचं एक फूल तोडून आणलं. त्याला चार लाल पाकळ्या असतात आणि एक पाचवी, पांढरी, लाल ठिपक्यांची. ती पाचवी मी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"खा."

"येड लागलंय का?"

"मामी, खा तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाकळी जिभेवर ठेवली, कवळीनं चावली. चेहरा आंबट झाला. बराच वेळ चघळत राहिल्या. एवढी वर्षं त्यांनी शेकडो लोकांना सांगितलं होतं की याचं खायला काही येत नाही. मी विजयाच्या घोषणेसाठी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या:

"मीठ आना जरा."

मी मीठ आणलं. आम्ही दोघांनी मिळून अर्धं झाड खाल्लं असेल. बरं, मूठभर पाकळ्या.

मला वाटलं, लोखंड तापलं आहे. "मामी," मी म्हटलं, "आता तरी खरं सांगा. मी कुठल्या ढिगात?"

"गुलमोहर."

"अजून?"

"मग काय? रताळं न्हाई व्हायचं तुज्याच्यानं. येकदा लावून बघितलं की तू." त्यांनी डोळे मिटले. मी ऐकत होतो ते खरं की काय, इतकी वर्षं तुमी आणि जावईबापू म्हणणारी बाई मला तू म्हणत होती. "पर एक सांग. मे म्हैन्यात रताळ्याच्या येलाखाली खाट टाकून कोन बसतंय रं?"

मी काही म्हणालो नाही. हे दुसऱ्यांदा.

थोड्या वेळानं डोळे न उघडताच बोलल्या. "मी गेले म्हंजी चर्चमदी शांतवनला बोलाय उभं करू नका. त्यो 'हं' म्हनंल आन् खाली बसंल. लोकं म्हनत्याल, बाईत काय नव्हतंच. जलमभर मी मातीखालीच ऱ्हायले. आता वर कायतरी फुलाय पायजे. तू बोल."

"बोलतो, मामी."

"पर ध्येनात ठिव. धाची वीस करू नगं."

जूनमध्ये गुलमोहराची फुलं गळाली आणि त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. झोपेतच. चर्च भरून माणसं आली. बोर्डिंगच्या जुन्या मुली आल्या, आता आज्या झालेल्या. शवपेटीजवळून जाताना त्यांनी नकळत आपापले पदर सारखे केले. वारकरी म्हातारा आला, दाराशी टाळ काखेत धरून उभा राहिला. पेटीवर आम्ही त्यांची काळी छत्री ठेवली होती. शांतवनराव पहिल्या बाकावर, मान खाली.

पाळकसाहेबांनी मला खूण केली. मी माईक घेतला. सांगितलं सगळं. छत्रीची फेरी सांगितली, माझी पेन्सिलीएवढी रताळी सांगितली, फुलाचा बोभाटा सांगितला. लोक हसत होते, डोळे पुसत होते, परत हसत होते. मी जरा रंगलो. खरं तर चांगलाच रंगलो. "अन् त्यांच्या हाताला काय गुण होता! कसल्याही मुरमाड मातीत, एका वेलाला..."

इथे मला जीभ आवरावी लागली. वीस ओठावर आलं होतं. शब्द दिला होता. पण नुसतं दहा म्हणायचं, म्हणजे माझ्या धंद्यालाही काही इज्जत आहे.

"...एका वेलाला पंधरा रताळी!"

"धा."

आवाज कुणाचा ते कुणालाच ओळखू येईना, कारण तो कुणी फारसा ऐकलेलाच नव्हता. माणसं माना उंचावून बघू लागली. पहिल्या बाकावर शांतवनराव उभे राहिले होते. दोन्ही हातांनी पुढचा कठडा धरलेला.

"धा," ते पुन्हा म्हणाले. "मोजून धा. दर वर्साला त्यांच्या मागं बसून मीच काडलीत. मला ठावं हाय. त्या म्हनायच्या, शांतवन, हळू, सालपट जाईल..."

आणि एवढ्यावर त्यांचा आवाज मधोमध तडकला. ते खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन असे रडले, असे रडले, की मी, ज्याला कशाचंही वर्णन करता येतं, त्या मीही ते इथे करत नाही.

मी पेटीवरची छत्री उचलली, शांतवनरावांच्या बाकाजवळ गेलो, आणि त्यांच्या पायाशी, फरशीवर, टोकानं दोनदा टोचलं. दुसऱ्या हातात माईक चालूच राहिला होता. ती टकटक भोंग्यातून पार शेवगावापर्यंत गेली.

चर्चच्या फाटकापर्यंत. मोजून.